कार्पीच्या बदकांना बालिश म्हणू नका

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

इथल्या, म्हणजे इटलीतल्या, मराठी मंडळींच्या ग्रुपवर आज एका बाबांनी विचारलं, की मुलगा इटालियन शाळेत जातो पण पुस्तकाला हात लावत नाही, काय वाचायला द्यावं? मी ताबडतोब लिहिलं, ज्योव्हान बात्तिस्ता कार्पी या चित्रकाराची डिस्ने विडंबनं द्या, म्हणजे थोर पुस्तकांवर डोनाल्ड डकला घेऊन केलेली कॉमिक्स, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चार-दोन युरोत मिळतात. त्यावर एका विद्वानांचं उत्तर आलं: "टॉल्स्टॉय, ह्यूगो सोडून बदकं कशाला? अभिरुची बिघडेल मुलाची." आणि त्याखाली लाइकच्या अंगठ्यांची रांग! तुम्ही माझी माणसं आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको की हे वाचून माझं काय झालं असेल. ज्या घरात पुस्तक उघडलंच जात नाही तिथे अभिरुची बिघडणार कशी, हे कुणीतरी मला समजावून सांगा.

ज्यांना कार्पी माहीत नाही त्यांच्यासाठी. जन्म 1927 चा, जेनोव्हाचा, आणि 1999 मध्ये गेला तोही तिथेच. 'तोपोलिनो' हे इटलीचं मिकी माऊसचं साप्ताहिक, त्यात त्याने अनेक दशकं चित्रं काढली. आपल्याला डोनाल्ड आणि स्क्रूज म्हटलं की दूरदर्शनवर लागायचं ते 'डकटेल्स' आठवतं. इटलीत मात्र डोनाल्डचं नाव पापेरीनो, स्क्रूजचं पापेरोने, आणि हे दोघं इथे आले ते थेट साहित्याच्या वर्गात जाऊन बसले. 1949 मध्ये ग्विदो मार्तिना या लेखकाने आणि आंजेलो बियोलेत्तो या चित्रकाराने महाकवी दान्तेच्या 'इन्फेर्नो' या नरकयात्रेच्या काव्यावर मिकी आणि गुफीला नरकात पाठवलं, आणि चित्रांखालचा मजकूर चक्क दान्तेच्याच छंदात, तेर्झा रीमात लिहिला. तीन-तीन ओळींची यमकं एकमेकांत गुंफत नेणारी ती रचना, मुलांच्या अंकात! तिथून एक परंपराच सुरू झाली, तिला इथे 'ग्रांदी पारोदिए' म्हणतात, थोर विडंबनं. आणि त्या परंपरेतला माझा देव म्हणजे कार्पी.

मी हे पुस्तकातून शिकलेले नाही. जेनोव्हात शिकायला होते तेव्हा जुन्या गावातल्या एका अरुंद गल्लीत, पाचव्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नाही. तळमजल्यावर एक आजी राहायच्या. सगळी इमारत त्यांना नोन्ना, म्हणजे आजीच, म्हणायची, म्हणून मीही. नवरा गोदीत कामाला होता, स्वतःचं शिक्षण पाचवीपर्यंत. मी भारतातून आले म्हटल्यावर त्यांचा पहिला उद्गार: "काबीर बेदी!" आणि छातीवर हात ठेवून अशा काही हसल्या की बघत राहावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. 1976 च्या जानेवारीत इटलीच्या सरकारी टीव्हीवर 'सांदोकान' ही मालिका लागली, सेर्जो सोल्लीमाची, आणि त्यात मलेशियाच्या चाच्यांचा नायक होता आपला कबीर बेदी. सगळी इटली वेडी झाली होती. आणि त्याच वर्षी मार्तिनाने लिहिलं आणि कार्पीने काढलं: 'सांदोपापेर आणि लाबुआनचा मोती'. डोक्याला फेटा बांधलेला डोनाल्ड डक! नोन्नांनी उठून आतल्या कपाटातून तो अंक आणला. पानं पिवळी पडलेली, पाठीला चिकटपट्टी, कोपऱ्यावर लहान मुलाने पेनाने काढलेली तलवार. त्यांच्या मुलाची. चष्मा लावून, संवादाच्या फुग्याखाली बोट ठेवून त्या मला वाचून दाखवू लागल्या. माझं इटालियन तेव्हा दुकानात पाव मागण्याइतकंच होतं. पण कार्पीचं चित्र असं की शब्द कळले नाहीत तरी पापेरीनोच्या खांद्यावरून कळतं की याची छाती आता फुगलीय आणि पुढच्या चौकटीत हा आपटणार आहे.

मग नोन्नांनी विचारलं, भारतात नेमकं कुठलं गाव? मी म्हटलं, महाराष्ट्र. तर म्हणाल्या, "म्हणजे मराठा! काम्मामुरीसारखी!"

मी अवाक. तर हा काम्मामुरी कोण? 'सांदोकान' ज्याच्या कादंबऱ्यांवरून आलं तो एमिल्यो साल्गारी, जन्म वेरोनाचा, 1862 चा. त्याच्या 1895 च्या कादंबरीत सुंदरबनात राहणारा साप पकडणारा त्रेमाल-नाइक आहे, त्याच्यापाशी दार्मा नावाची वाघीण आहे, आणि जिवाला जीव देणारा सोबती आहे काम्मामुरी. साल्गारीने त्याला स्पष्ट मराठा लिहिलंय. पुढे तो सांदोकानच्या टोळीलाही जाऊन मिळतो. स्वतः साल्गारी कधी भारतात आला नाही, मलेशियाला गेला नाही, सगळं वाचनालयातल्या पुस्तकांवरून आणि नकाशांवरून रचलं. जेनोव्हातल्या पाचवी शिकलेल्या बाईला मराठा माणूस माहीत होता, साल्गारीमुळे. आणि साल्गारी तिने हातात का घेतला? बदकामुळे! टीव्ही बघितला, मुलासाठी तोपोलिनो आणला, सांदोपापेर वाचून दोघं पोट धरून हसली, आणि मग बाई वाचनालयात जाऊन मूळ कादंबरी घेऊन आल्या. त्यांनी मला हे अगदी सहज सांगितलं, त्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटलंच नाही.

आता सांगा, कुणाची अभिरुची बिघडली?

आणि हे एकदाच झालेलं नाही. 1989 मध्ये कार्पीने ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'वर 'शमादानांचं रहस्य' केलं, लेखनही त्याचंच, चित्रंही त्याचीच. नोन्नांनी ते वाचलं तेव्हा मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला होता, तरी अंक यायचाच घरी. त्यानंतर त्यांनी ह्यूगो वाचला, सगळा, पॅरिसच्या गटारांच्या वर्णनासकट. मला म्हणाल्या, ती पानं कंटाळवाणी आहेत. आपल्यातले किती जण तिथपर्यंत पोचलेत? अंगठे देणाऱ्यांपैकी किती?

मला राग याचा येतो की लोकांना वाटतं, विडंबन म्हणजे थट्टा, आणि थट्टा म्हणजे सोपं. अहो, 1986 मध्ये त्या माणसाने 'युद्ध आणि शांती' बदकांना घेऊन केली! एकट्याने लिहून, एकट्याने काढून. टॉल्स्टॉयची ती कादंबरी कमी पानांत बसवायची म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कळायला ती किती आतून वाचलेली असावी लागते. आपल्याकडे अत्र्यांनी 1925 मध्ये केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' काढली, तेव्हा ज्यांची खोडी काढली त्या कवींचं वृत्त, त्यांची लकब, त्यांचे लाडके शब्द अत्र्यांच्या बोटांवर होते म्हणूनच ते जमलं. मराठी माणसाला हे मी समजावून सांगायचं? विडंबन आपल्या रक्तात आहे, मग परक्याचं बदक दिसलं की लगेच नाक का मुरडायचं?

आणि चित्र! चित्राबद्दल कुणी बोलतच नाही. कार्पीची रेघ बघा एकदा. कुठे जाड, कुठे केसाएवढी बारीक, आणि कुठेही अडखळत नाही. त्याच्या पात्रांचे हात बोलतात. पापेरोने रागावला की नुसती चोच उघडत नाही, पाठीच्या कण्यापासून पायमोज्यांपर्यंत सगळा रागावतो. आणि पोशाख, खुर्च्या, पडदे, खिडक्या, हे त्या त्या काळाचं दिसायला हवं म्हणून घेतलेले कष्ट. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातल्या दक्षिणेकडच्या राज्यांवरचं त्याचं 1982 चं 'पापेरीनो आणि दक्षिणेचा वारा' मिळालं तर कपडे बघा त्यातले. बदकाला कपडे घालायचे तर कसेही घातले असते, कुणी विचारायला येणार नव्हतं.

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र कुठल्या महाकाव्यावरची नाही. जून 1969, एलिसा पेन्नाची कल्पना, मार्तिनाचं लेखन, कार्पीची चित्रं: 'पापेरीनिक'. तेव्हा इटलीत 'दिआबोलिक' या काळ्या कपड्यातल्या चोराच्या कॉमिक्सची धूम होती, जुस्सानी बहिणींनी 1962 मध्ये सुरू केलेली. त्याचं हे विडंबन. जन्मभर काकाचे टोमणे ऐकलेला, नशीबवान भाऊ गास्तोनेसमोर कायम हरलेला पापेरीनो. त्याच्या हाती चुकून एक पडीक बंगला लागतो, व्हिला रोसा. तिथे जुन्या काळातल्या फान्तोमिउस नावाच्या खानदानी चोराची रोजनिशी आणि पोशाख सापडतो. तो पोशाख घालून पापेरीनो रात्री काकाच्या घरात शिरतो आणि झोपलेल्या काकाच्या अंगाखालून नोटांनी भरलेली गादी पळवतो. आळ गास्तोनेवर. बस्स! एवढंच आहे, आणि त्यात प्रत्येक दबलेल्या माणसाचं सुख आहे. नोन्ना ही गोष्ट सांगताना गादी ओढायची नक्कल करायच्या, टेबलावरचं मेणकापड दोन्ही हातांनी हळूच ओढून, कॉफीच्या कपांसकट. त्यांच्या नवऱ्याचा गोदीतला मुकादम त्यांना त्या काकामध्ये दिसायचा, असं त्या म्हणायच्या. पुढे पापेरीनिक या एका विडंबनातून निघून इटलीचा स्वतःचा नायक झाला, आजही त्याच्या नव्या गोष्टी निघतात.

हो, मान्य आहे, सगळंच सोनं नाही. मार्तिनाचा पापेरोने कधीकधी नको इतका क्रूर होतो, पुतण्यावर काठी उगारतो. त्या काळच्या युरोपने पूर्वेकडची माणसं जशी रंगवली ती काही चौकटींमधून आज खटकतात, सांदोपापेरमध्येसुद्धा. आणि हेही खरं की पुष्कळ वाचक बदकावरच थांबतात, मूळ पुस्तकापर्यंत जात नाहीत. नाही गेले तर नाही गेले. बदक वाचून झालेला आनंद खोटा ठरत नाही.

मला खरी चीड कशाची आहे सांगू? इतकी वर्षं या माणसांची नावंच छापली जात नव्हती. पहिल्या पानावर फक्त वॉल्ट डिस्नेची सही. पापेरीनिक 1969 चा, सांदोपापेर 1976 चं, दोन्हींवर कार्पीचं नाव नाही, मार्तिनाचं नाही. पोरांनी चित्र ओळखायचं ते हाताच्या वळणावरून. नोन्नांच्या मुलाला ते ओळखता यायचं. तो म्हणायचा, हा 'आपला', म्हणजे जेनोव्हावाला. त्याला नाव माहीत नव्हतं, पण अंक आला की आधी पानं उलटून बघायचा, आपल्याने काही काढलंय का. नाव नोन्नांना कळलं ते खूप नंतर. मी हे लिहितानाही माझा घसा दाटून येतोय. कामगाराच्या घरातलं एक पोर निनावी चित्रकाराची रेघ ओळखतं, यापेक्षा मोठी अभिरुची मला तरी माहीत नाही.

उत्तरायुष्यात कार्पी मिलानच्या डिस्ने अकादमीत शिकवत होता. आज तोपोलिनोत काढणारी कितीतरी मंडळी त्याच्या हाताखालून गेलीत, आणि त्यांच्या पानांवर आता नावं असतात. हे बघितलं की थोडं बरं वाटतं.

आणि माझं इटालियन? ते याच अंकांनी शिकवलं. तोपोलिनोतली भाषा पोरांसाठी म्हणून पातळ केलेली नसते. क्रियापदांची जी रूपं वर्गात डोक्यात शिरत नव्हती ती पापेरोनेच्या तोंडून ऐकली की पक्की बसायची, कारण तो शिव्यासुद्धा व्याकरणशुद्ध देतो. संध्याकाळी नोन्नांच्या स्वयंपाकघरात बसायचं, त्या बाझिलिकोची, म्हणजे तुळशीच्या भावाची, पानं निवडायच्या, मी मोठ्याने वाचायचे, आणि चुकलं की त्या मान वर न करता दुरुस्त करायच्या.

तर, ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी. सुरुवात पापेरीनिकच्या पहिल्या गोष्टीने करा. इटालियन येत नसेल तरी गादीचं पान कळेल. मग सांदोपापेर. 'शमादानांचं रहस्य' आणि 'युद्ध आणि शांती' मागाहून, आणि ती घाईने वाचू नका, एकेका चौकटीत थांबा. 'ग्रांदी पारोदिए' या नावाने संग्रहही निघालेत, जुन्या बाजारात बऱ्या अवस्थेत मिळतात. पुण्या-मुंबईतल्या कुणाला हवं असेल तर मला मेसेज करा, दिवाळीत येताना आणेन. मागणी जुलैच्या आत सांगा, ऑगस्टमध्ये इथली निम्मी दुकानं बंद असतात.