ती हिरवी वायर कापू नका!

नवीन झुंबर आणायचं, त्यातून तीन वायरी बाहेर येणार, छताच्या पॉइंटला मात्र दोनच. मग वायरमन काय करतो? हिरवी वायर मुळापासून कापतो आणि सांगतो, "हिला काही काम नाही." अहो, काम नाही कसं? ती अर्थची, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी वायर. धातूच्या बॉडीत फेज (जिवंत वायरची वीज) उतरला तर माणसाला वाचवणारी तीच तर एक वायर आहे!

पेठांतले वाडे घ्या, गिरगाव-परळच्या चाळी घ्या, लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये दिव्याच्या पॉइंटला अर्थ ओढलेलाच नसतो. तेव्हा बेकेलाइटचा होल्डर आणि बल्ब असायचा, हाताला धातू लागत नव्हता, म्हणून निभावलं. आता त्याच पॉइंटवर पितळेचे ब्रॅकेट, लोखंडी पट्टीच्या ट्यूब आणि अॅल्युमिनियमचे पॅनेल सर्रास लटकवतात.

आणि वायर कापणाऱ्यापेक्षा वाईट म्हणजे ती न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरला, जोडणारा. टेस्टर लागायचा बंद होतो, गिऱ्हाईक खूश. पण जुन्या बोर्डावर चिनी मातीचे फ्यूज दोन असतात, एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा फ्यूज उडाला किंवा सिलिंग रोझमधला (छतावरच्या जोडणीच्या डबीतला) स्क्रू ढिला झाला, की फेज दिव्यातून फिरून त्याच जोडणीवाटे थेट बॉडीवर येतो. दिवा विझलेला. म्हणून माणूस स्टुलावर चढतो, एक हात झुंबराला, दुसरा पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला. वायरच्या या एका तुकड्यानं जीव जातो, आणि तो जोडायला दोन मिनिटं लागतात!

पंख्याच्या हुकाला अर्थ बांधणारेही आहेतच. हुक म्हणजे अर्थ नव्हे. नळाचा पाइपही नाही. मध्ये कुठे प्लॅस्टिकचा तुकडा बसवला की संपलं.

एलईडीच्या बॉडीला टेस्टर मिणमिणला की दुकानदार म्हणतो, "एवढं चालतं." ड्रायव्हरमधल्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधल्या) फिल्टर कपॅसिटरमुळे अर्थ नसलेल्या बॉडीवर थोडा करंट येतो, हे खरं. पण इन्सुलेशन फाटून आलेला फेजही टेस्टरवर तसाच दिसतो. कोणत्या भरवशावर चालवून घ्यायचं?

करायचं काय, ते अवघड नाही. फिटिंगवर चौकोनात चौकोन अशी खूण बघा. ती असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थ लागत नाही. अर्थाची खूण किंवा हिरवी वायर असेल, तर मेन बोर्डाच्या अर्थपासून 1.5 चौरस मिमीची हिरवी तांब्याची वायर पीव्हीसी पट्टीतून पॉइंटपर्यंत न्या. भिंत फोडावी लागत नाही. मात्र बोर्डावरचा अर्थ खरंच जमिनीशी जोडलेला आहे का, ते आधी तपासून घ्या. वायर ओढायची नसेल तर प्लॅस्टिक बॉडीचंच फिटिंग घ्या, धातूचं नको.

मेन बंद करून काम करा, नुसत्या बटणावर विसंबू नका. जुन्या घरांत बटण कितीदा न्यूट्रलवर असतं! दिवा बंद, होल्डर जिवंत. रबराची वायर वर्षानुवर्षं बल्बच्या उष्णतेनं भाजलेली असते, वाकवली की साल गळून पडते. चांगली वायर लागेपर्यंत मागे कापा आणि स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवा. अॅल्युमिनियमची वायर तांब्याशी पिळून जोडू नका, कनेक्टर वापरा.

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पडून पुरवठा तोडणारा स्विच, बसवाच. अर्थ नसतानाही तो काम करतो, पण बहुतेकदा माणसाचा हात लागल्यावरच, एक झटका देऊन. म्हणून तो अर्थच्या जागी चालत नाही. आणि "सारखा पडतो" म्हणून त्याला बायपास करणाऱ्यांचा तर संताप येतो! तो पडतो कारण कुठेतरी गळती आहे, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झालेत. दिवे-ड्रायव्हर सोडवून 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावा. 1 मेगाओहमच्या खाली आलं, तर त्या सर्किटची वायर बदला, आरसीसीबी नव्हे.