‘पाप करा, कबूल करा, मोकळे व्हा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

क्षमेवरचं एक प्रवचन इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकलं, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. तिच्यातला राग मला खरा वाटला, म्हणून घाईने उत्तर दिलं नाही. आपण दोन गोष्टी विचारल्यात. पसायदान ऐकत वाढलेल्या माणसाने क्षमेवरचं प्रवचन ऐकायला इगर्जीत कशाला जावं? आणि ‘पाप करा, कबूल करा, मोकळे व्हा’ ही गुन्हेगाराची सोय झाली, ज्याचं नुकसान झालं त्याने काय करायचं?

पहिल्याचं उत्तर लहान आहे. मी काही शोधायला गेलो नव्हतो. शेजारच्या काकींचे गुडघे गेले, तेव्हापासून रविवारी मी त्यांना स्कूटरवरून मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, नेतो. वेंगुर्ल्याच्या पावसात बाहेर ताटकळण्यापेक्षा शेवटच्या बाकावर बसू लागलो. माझा हरिपाठ तेव्हा होता, आजही आहे. आणि हा विषय मराठीला परका म्हणावा तर इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचलं, ते १६१६ साली गोव्यात छापून झालं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे ख्रिस्ती मराठी कवी नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. मी त्या पुलावरून पलीकडे राहायला गेलेलो नाही. इकडून तिकडे बोलणं ऐकू येतं, एवढंच.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या काळजाचा आहे, कारण नुकसान माझं झालेलं आहे. वडील अंथरुणाला खिळलेले असताना माझ्या धाकट्या भावाने मुखत्यारपत्रावर त्यांची सही घेतली आणि सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, काजूची बाग विकून टाकली. तो मुंबईत, मी गावात. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. आई मात्र दर चतुर्थीला विचारायची, “धाकटो इलो काय रे?” आणि मी उत्तर न देता खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जायचो.

एका उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, फादरांनी उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला. धाकटा बापाच्या हयातीत वाटणी मागतो, परदेशी जाऊन सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते तेव्हा परततो. बाप त्याला लांबून बघतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. हे मला माहीत होतं. फादर त्या दिवशी धाकट्यावर थोडंच बोलले. थोरल्याची गोष्ट घ्या म्हणाले. बापाने मालमत्ता ‘त्यांना’, म्हणजे दोघांनाही, वाटून दिली होती. धाकट्याचा हिस्सा संपला. घरात उरलं ते थोरल्याच्या वाट्याचं. मग मेजवानीला कापलेलं पुष्ट वासरू हिशेबाने कोणाचं? बोटातली अंगठी, अंगावरचा झगा कोणाच्या वाट्यातून?

मी बाकावर ताठ बसलो. सांत्वन वगैरे काही वाटलं नाही, संताप आला. कृपा फुकट मिळते असं म्हणतात, पण ती घेणाऱ्याला फुकट. कोणाच्या तरी वाट्यातून ती जातेच. आपण विचारता की नुकसान झालेल्याचं काय, तर या दाखल्यात तोच शेवटपर्यंत उभा आहे, घराबाहेर, आमच्या भाषेत खळ्यात. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची विनवणी करतो. तो आत गेला की नाही, ते लूक लिहीतच नाही.

राहिली कबुलीची गोष्ट. काकींनीच मला सांगितलं की पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करणं, हे नुसतं कुजबुजून मोकळं होणं नव्हे. पश्चात्ताप हवा, आणि चोरलेलं शक्य तेवढं परत करावं लागतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात तर राजाने प्रचंड कर्ज माफ केलेला एक चाकर दुसऱ्याकडे थकलेले शंभर दिनार मागतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तीन महिन्यांहून जास्त घाम, ही काही किरकोळ रक्कम नव्हे. माझं दुखणं बारीक आहे असं मला कोणीही सांगितलं नाही, आणि म्हणूनच मी ऐकत राहिलो.

माझी एक वही होती. आईबापांची औषधं, कौलं शाकारणं, विहिरीचा पंप, सगळा खर्च तारखेनिशी. भाऊ समोर आला की तोंडावर मारायला ठेवली होती. ‘इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली’ असं तो थोरला बापाला म्हणतो ना, तीच माझी वही. त्या रविवारी घरी आल्यावर ती काढून बसलो. बेरीज बरोबर होती. पण एका पानावर आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा खर्च होता, आणि त्या दिवशी आई काय बोलली ते मला आठवेना.

तीन आठवड्यांनी भावाला फोन केला. बाग परत आलेली नाही. घराच्या हिश्शाचा दावा कोर्टात आहे, तो मी मागे घेतलेला नाही, घेणारही नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगितलं आहे. पण चव्हाट्यावर त्याची गोष्ट सांगायचं मी बंद केलं. गेल्या चतुर्थीला तो आला. आई नव्हती. माटवी, गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, त्यानेच बांधली, तिच्यासाठी कवंडळं, ती रानफळं, आणायला सड्यावर गेला, विकलेल्या बागेच्या कडेने. परत आला तेव्हा बराच वेळ पाय धूत राहिला. मी काही विचारलं नाही, पाण्याची दुसरी बादली नेऊन ठेवली.

वही कपाटात आहे. फाडलेली नाही. माटवीच्या सामानाचे पैसे कोणी दिले, ते तिच्यात लिहिलेलं नाही.