"मॅगझिन म्हणजे बंदूक नाही" म्हणून ड्रम मागवायला निघालात? आधी हे वाचा

कॅनडातल्या मराठी लोकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, मला तीन-चार जणांकडून आला. थोडक्यात असं: पॅल लायसन्स (बंदूक घेण्याचा-बाळगण्याचा इथला परवाना) असेल तर साठ किंवा शंभर गोळ्यांचं ड्रम मॅगझिन (बंदुकीला लावायची गोळ्यांची गोल डबी) बिनधास्त घ्या, ती नुसती अ‍ॅक्सेसरी आहे, पाचची लिमिट फक्त गोळ्या भरण्यावर आहे, अमेरिकेतून ऑनलाइन मिळतं, आणि पकडलं तर जास्तीत जास्त पार्सल जप्त होतं. मी स्वतः पॅलवाला आहे, रेंजवर जातो, बंदूक बाळगणाऱ्यांच्या विरोधात अजिबात नाही, आणि म्हणूनच हे लिहितोय कारण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि नवीन आलेल्या माणसाला ते फार महागात पडू शकतं.

"मॅगझिन ही बंदूक नाही." बरोबर, नाही. पण कॅनडाच्या क्रिमिनल कोडमध्ये प्रतिबंधित उपकरण असा वेगळा प्रकार आहे आणि मर्यादेपेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन थेट त्यात मोडतं. म्हणजे घरात एकही रायफल नसली, ड्रम नुसतं कपाटात पडलेलं असलं तरी ते जवळ असणं हाच गुन्हा, आणि साधं पॅल लायसन्स तुम्हाला प्रतिबंधित उपकरणाची परवानगी देत नाही. शिवाय २०२३ च्या डिसेंबरमध्ये सी-२१ कायदा मंजूर झाला, त्यात अगदी कायदेशीर मॅगझिन घ्यायला किंवा बाहेरून आणायलासुद्धा लायसन्स लागेल असं आलं, त्यामुळे "अ‍ॅक्सेसरी आहे, कोण विचारतंय" हे तर आता मुळीच चालत नाही.

"पाच गोळ्याच भरायच्या, मग झालं." हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज. सेमी-ऑटो (एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते अशी) सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर ठोका बसणारी) रायफलच्या मॅगझिनला मर्यादा पाच, हँडगनच्या मॅगझिनला दहा. पण तुम्ही किती भरल्या याला काही अर्थ नाही, त्यात किती मावतात हे बघतात. रिकामं ड्रम सुद्धा तेवढंच बेकायदेशीर. आता काही दुकानांत पाचवर पिन केलेली (आत पिन ठोकून पाचच गोळ्या मावतील अशी केलेली) मोठी मॅगझिनं मिळतात, ती चालतात, पण नियम असा आहे की तो बदल सहज काढता येता कामा नये आणि मॅगझिन पुन्हा सहज मोठं करता येता कामा नये, त्यामुळे आत लाकडाचा ठोकळा घातला किंवा टेप लावली आणि झालं असं नाही. आणि पिन काढून टाकली की त्याच क्षणी हातात प्रतिबंधित उपकरण, शिवाय मॅगझिनमध्ये असा फेरफार करणं हा सी-२१ ने वेगळा गुन्हाच केलाय.

"माझी रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन आहे, मला लिमिट नाही." इथे अर्धं खरं आहे म्हणून लोक फसतात. बोल्ट-अ‍ॅक्शनसारख्या, दर गोळीनंतर हाताने पुढची चढवायच्या रायफलसाठी बनवलेल्या मॅगझिनला खरंच मर्यादा नाही, आणि पॉइंट टू-टू (छोट्या गोळीच्या) रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका बसणाऱ्या) रायफलच्या मॅगझिनलाही नाही. पण मॅगझिन मुळात कुठल्या बंदुकीसाठी बनवलंय ते बघतात, तुम्ही ते कशात लावलंय ते नाही. एआर टाइपच्या (एआर-१५ सारख्या) सेमी-ऑटो रायफलसाठी बनवलेलं साठचं ड्रम तुम्ही बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये लावलंत तरी त्याची मर्यादा पाचच राहते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे रुगर टेन-ट्वेंटीटू. साधी टू-टू रायफल, हजारो लोकांकडे आहे, तिची पंचवीसची मॅगझिनं वर्षानुवर्षं दुकानात उघड विकली जात होती. मग २०१६ मध्ये आरसीएमपीने (कॅनडाचे केंद्रीय पोलीस) स्पष्ट केलं की तीच मॅगझिनं रुगरच्या चार्जर पिस्तुलालाही बसतील अशी बनवलेली आहेत म्हणून दहाच्या वरची सगळी प्रतिबंधित. ज्यांनी पावती घेऊन दुकानातून रीतसर घेतली होती ते एका रात्रीत अडचणीत आले, आणि याबद्दल लोकांचा राग मला अगदी रास्त वाटतो. पण राग रास्त असला तरी कोर्टात तो बचाव होत नाही.

"अमेरिकेत कायदेशीर आहे, मागवायला काय जातं." तिकडच्या बऱ्याच राज्यांत कायदेशीर आहे हे खरं, पण देशाबाहेर पाठवायला नाही. पन्नासच्या वरचं मॅगझिन किंवा ड्रम हे अमेरिकेच्या निर्यात नियमांत युद्धसाहित्याच्या यादीत येतं, परराष्ट्र खात्याच्या लायसन्सशिवाय ते बाहेर पाठवता येत नाही. म्हणजे तुमचं पार्सल दोन्ही बाजूंनी बेकायदेशीर.

"फार तर पार्सल जाईल." नाही हो. प्रतिबंधित आहे हे माहीत असून जवळ बाळगल्याच्या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं आहे. आणि आपल्यापैकी जे अजून पीआरवर (कायम रहिवासी, नागरिक नाही) आहेत त्यांनी हे नीट वाचा. ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा दहा वर्षं किंवा जास्त आहे त्यात दोषी ठरलात तर इमिग्रेशन कायद्यात ते गंभीर गुन्हेगारी म्हणून मोजतात, जज्जने प्रत्यक्षात शिक्षा कमी दिली तरी, आणि त्यावरून देशाबाहेर काढायची कारवाई सुरू होऊ शकते. मुलं इथल्या शाळेत, घराचं मॉर्गेज चालू, आणि हे सगळं एका ड्रमसाठी. बंदूक बाळगणं हा घटनात्मक हक्क आहे असंही कोणीतरी खाली जोडलंय, तर सुप्रीम कोर्टाने २००५ च्या वाइल्स केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की इथे तो हक्क नाही, सवलत आहे.

शेवटचं, "ही लिमिट उगाच आणली." १९८९ च्या ६ डिसेंबरला माँट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये १४ बायका मारल्या गेल्या, मारेकऱ्याकडे सेमी-ऑटो रायफल आणि तीसची मॅगझिनं होती, त्यानंतर १९९१ च्या कायद्याने ही मर्यादा आणली. आणि ड्रमचंच म्हणाल तर २०१९ मध्ये ओहायोतल्या डेटनला शंभरच्या ड्रमने साधारण अर्ध्या मिनिटात एकेचाळीस गोळ्या झाडल्या गेल्या, पोलीस जवळच होते, लगेच त्याला टिपलं, तरी नऊ माणसं गेली. रेंजवर टार्गेटला पाच गोळ्या मारून पुन्हा भरायला कंटाळा येतो हे मलाही मान्य, पण ते आणि हे एका तराजूत घालू नका.

कोणाकडे जुन्या बंदुकीबरोबर आलेलं असं काही आधीपासून पडलेलं असेल तर ते विकू नका, मित्राला देऊ नका, आणि गाडीत टाकून थेट पोलीस स्टेशनलाही नेऊ नका. आधी वकिलाशी बोला, मग पोलिसांना फोन करून ते कसं जमा करायचं ते विचारा.