अंगणवाडीतील तपासणीनंतर काय?

उशिरा बोलणाऱ्या मुलांविषयी आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या लेखात पालकांनी घरी काय करावे, हे नेमकेपणाने आले आहे. तपासणीनंतरच्या वाटेचा उल्लेख मात्र राहून गेला, म्हणून ही भर. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरते वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन इतर तपासण्यांबरोबर श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंबही पाहते, आणि शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान मुलांतील असे दोष वेळीच ओळखून उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्राकडे, पाठवते. रचना उत्तम आहे. अडचण अशी की, वाचा-उपचार (स्पीच थेरपी) म्हणजे एकदा दिले की संपणारे औषध नव्हे. कित्येक महिने नियमितपणे, रोजंदारी बुडवून, मुलाला एसटीने जिल्ह्याच्या गावी नेणे किती आयांना परवडेल? अंगणवाडी सेविकेलाच सोपे भाषाखेळ शिकवून तज्ज्ञाने ठरावीक दिवशी तालुक्याला यावे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते.

माझ्या भाच्याच्या बाबतीत ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’ या आजीच्या दिलाशात दीड वर्ष गेले आणि मग श्रवणचाचणीत दोष निघाला. (आजीचा हेतू चांगलाच होता.) म्हणून मूल उशिरा बोलत असेल तर सर्वांत आधी त्याचे कान तपासावेत, हे लेखात ठळकपणे सांगायला हवे होते.

आणखी एक. घरात अहिराणी किंवा मालवणी बोलल्यामुळे मूल मागे पडते, असे सांगून पालकांना घरची बोली सोडायला लावणारे सल्लागार मी पाहिले आहेत; दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष निर्माण होत नाही.