'पोलीस कारवाई' या नावाचे युद्ध

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला 'पोलीस ॲक्शन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडची जुनी माणसे वय सांगताना 'पोलीस ॲक्शनच्या साली मी एवढा होतो' म्हणून कमरेपाशी हात धरतात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात शिरले ते रणगाड्यांसह लष्कर होते, हे सर्वांना ठाऊक असूनही शब्द टिकून आहे. इंडोनेशियाचा इतिहास वाचताना डच सरकारनेही आपल्या दोन मोठ्या लष्करी मोहिमांना नेमके हेच नाव दिल्याचे आढळले, तेव्हा मी थबकलो. दोन्ही घटना एका मापाने मोजण्याचा माझा हेतू नाही, कारण आमच्यासाठी तो शब्द सुटकेचा आहे. पण समोर दुसरे राष्ट्र नसून हा घरातलाच बंदोबस्ताचा प्रश्न आहे, असे जगाला भासवण्याचे काम त्याने दोन्हीकडे केले.

इंडोनेशियाच्या बाजूने राष्ट्र मात्र केव्हाच जन्मले होते. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सची, म्हणजे डचांची, ही वसाहत जपानने व्यापली होती. जपानने शरणागती जाहीर केल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी, जकार्तातील एका घरासमोर स्वातंत्र्यचळवळीचे नेते सुकार्नो यांनी सहकारी हत्ता यांना शेजारी घेऊन अवघ्या दोन वाक्यांचा जाहीरनामा वाचला. त्या टंकलिखित कागदावर वर्ष '४५' नाही, '०५' आहे, कारण तेव्हा तिथे जपानी कालगणनेचे २६०५ वे वर्ष चालू होते. पुढच्याच महिन्यात पूर्व जावातील सुराबाया शहरात एका हॉटेलावर डचांनी आपला तिरंगी झेंडा लावला, तेव्हा तरुणांनी वर चढून त्याची खालची निळी पट्टी फाडून टाकली. उरला तो लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचाच झेंडा.

याच सुराबायात आपल्याला अवघडून टाकणारे एक पान आहे. जपान्यांची शस्त्रे काढून घेण्यासाठी आणि कैद्यांना सोडवण्यासाठी ब्रिटिशांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये तिथे जी ब्रिगेड उतरवली, ती भारतीय होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. शहरभर विखुरलेल्या त्यांच्या ठाण्यांवर हल्ले झाले, ३० ऑक्टोबरला ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून जहाजे व विमानांच्या माऱ्यासह मोठी लढाई पेटली. तो दिवस इंडोनेशिया आज वीर दिन म्हणून पाळतो. स्वतः पारतंत्र्यात असलेला आपला जवान दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बंदूक रोखून उभा होता. त्याला दोष देणे मला जमत नाही, पण आपल्या शौर्यकथांमधून हे पान गळावे हेही पटत नाही.

डचांची पहिली 'कारवाई' २१ जुलै १९४७ ला सुरू झाली आणि महिना संपण्याआधीच भारताने व ऑस्ट्रेलियाने हा विषय सुरक्षा परिषदेत नेला. घरचे भांडण म्हणून झाकलेली गोष्ट तिथे आंतरराष्ट्रीय तंटा ठरली, आणि माझ्या मते शब्दांच्या लढाईत डच त्याच दिवशी हरले. १९ डिसेंबर १९४८ च्या दुसऱ्या मोहिमेत त्यांनी प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्ता घेतली, सुकार्नो-हत्तांना अटक केली आणि लढाई संपली असे मानले. पण क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेले सेनापती सुदिरमान त्याच दिवशी शहराबाहेर पडले आणि पुढचे सहा-सात महिने डोंगरदऱ्यांतून, बराच काळ डोलीत बसून, गनिमी काव्याने लढत राहिले. दुसरीकडे अमेरिकेच्या मदतीवर उभा राहणारा नेदरलँड्स तिच्या नाराजीपुढे फार काळ टिकणार नव्हता. २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्तांतर झाले, तेही वसाहतीचे सुमारे ४.३ अब्ज गिल्डरचे (डच चलन) कर्ज नव्या देशाच्या माथी मारून.

त्यानंतर कित्येक दशके डच सरकार इंडोनेशियाचे स्वातंत्र्य १९४९ पासूनच मोजत राहिले. हा हट्ट केवळ तारखेचा नव्हता. १९४५ मान्य केले, तर मधल्या चार वर्षांत एका स्वतंत्र देशावर आक्रमण केल्याचे कबूल करावे लागले असते. डिसेंबर १९४७ मध्ये पश्चिम जावातील रावागेडे गावात डच सैनिकांनी पुरुषांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. त्यांच्या विधवा हेगच्या न्यायालयात गेल्या, तेव्हा सरकारी वकिलांनी मांडलेला मुद्दा दावा मुदतबाह्य असल्याचा होता. न्यायालयाने हा मुद्दा २०११ मध्ये फेटाळला. त्या गोळीबारातून वाचलेले एक वृद्ध दावेदार निकालाच्या काही महिने आधीच वारले होते.