‘एका इंजेक्शनात कॅन्सर बरा’ म्हणणारा मेसेज आणि कार-टी

‘रुग्णाच्याच पेशी बदलून परत सोडल्या की कुठलाही कॅन्सर एका इंजेक्शनात कायमचा जातो. केमो नको, साइड इफेक्ट नाहीत.’ कार-टी उपचाराबद्दल हा मेसेज सगळीकडे फिरतोय.

पेशी रुग्णाच्याच असतात, एवढं खरं. रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांत, बहुधा निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत, नवा जनुक घालतात. मग या टी-पेशी कर्करोगी पेशीवरचं ठरावीक प्रथिन ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर (पेशीवरचा, ओळख पटवणारा रेणू; हाच ‘कार’) बनवू लागतात. त्यांची वाढ करून त्या शिरेतून देतात. या ‘एका इंजेक्शना’ला काही आठवडे लागतात, आणि त्याआधी बहुतेकांना फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं देतात. ही केमोच.

‘कुठलाही कॅन्सर’ हा तर सरळ खोटेपणा. 2017 साली अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली ती बी-पेशींच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) ल्युकेमियासाठी. पुढे लिम्फोमा, मायलोमा. सगळे रक्ताचे. कारण बी-पेशींवरच्या सीडी19 या प्रथिनावर नेम धरला की निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस जगतो. गरज पडल्यास इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडी, बाहेरून देता येतं. फुप्फुसाचं तसं नाही. 2010 मध्ये नोंदवलेल्या एका प्रकरणात पेशींना एचईआर2 हे लक्ष्य दिलं होतं. हे प्रथिन फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही थोडंसं असतं. कार-टी पेशींनी बहुधा तिथेच हल्ला चढवला, आणि रुग्ण पाच दिवसांत दगावला. शिवाय घट्ट गाठीच्या आत टी-पेशी शिरल्या, तरी तिथलं वातावरण त्यांना निकामी करतं.

‘स्वतःच्या पेशी, म्हणून साइड इफेक्ट नाहीत’ हा तर्क तर उलटाच आहे. या पेशी चवताळाव्यात म्हणूनच घडवलेल्या असतात. त्या एकदम सक्रिय झाल्या की सायटोकाइन्सचा (दाह वाढवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांचा) भडका उडतो: प्रचंड ताप, रक्तदाब घसरणं, कधी बोलताना अडखळणं, भ्रम. त्यावर टोसिलिझुमॅब, स्टेरॉइड्स ही औषधं आहेत, पण अनुभवी रुग्णालय हवंच. क्वचित टी-पेशींचाच कर्करोग झाल्याचं दिसल्याने 2024 मध्ये अमेरिकी नियामकाने औषधांवर ठळक इशारा छापायला लावला.

राहिलं ‘कायमचा’. 2010 मध्ये उपचार घेतलेल्या दोन रुग्णांत या पेशी दहा वर्षांनीही सापडल्या, ही विलक्षणच गोष्ट. पण 75 मुलं आणि तरुणांवरच्या चाचणीत तीन महिन्यांत 81 टक्क्यांचा आजार ओसरला, आणि त्यांच्यापैकी वर्षभर तो न उलटण्याचं प्रमाण 59 टक्के होतं. उलटलेल्या काहींच्या कर्करोगी पेशींवर सीडी19 उरलंच नव्हतं. म्हणून आता एकाच वेळी दोन प्रथिनं ओळखणाऱ्या पेशींच्या चाचण्या चालू आहेत.