‘एक वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मोबाइलने दीपस्तंभासारखं असावं, हाका न मारता गरजेच्या वेळीच दिसावं, असं मांडणाऱ्या माझ्या लेखावर ‘एक वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं व्हायला नको. “गावी जाऊन बसलं की सगळ्यांनाच शहाणपण सुचतं. ज्याला त्रास होतो त्याने नोटिफिकेशन बंद करावीत, दोन मिनिटांचं काम. फुकटची अ‍ॅपं जाहिरातींवरच चालणार. दीपस्तंभाशी तुलना तर हास्यास्पद. आणि न संपणारा स्क्रोल २००९चा नाही, २००६चा.”

साल चुकलं, मान्य. पान खाली सरकवत जावं तसा नवा मजकूर येतच राहतो, तो स्क्रोल डिझायनर आझा रास्किन यांनी २००६ मध्ये केला. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. त्याच रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

पण ‘गावी जाऊन बसलं की’ हे काय बोलणं झालं? रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी मी बसायला आलो नाही. वडिलांच्या मागे कलमं कोण बघणार, म्हणून आलो. त्याआधी सात वर्षं पुण्यात अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत काढली. लोकांना दिवसभर टोचणारी नोटिफिकेशनची वाक्यं मी माझ्या हाताने लिहिली आहेत. तुम्ही किती लिहिलीत? स्वतःचं नावही न देणाऱ्याला एवढं विचारायचा हक्क मला नक्कीच आहे.

आता ते दोन मिनिटांचं काम. अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून, म्हणजे आठव्या आवृत्तीपासून, प्रत्येक अ‍ॅपला आपल्या सूचनांचे वेगवेगळे चॅनल करता येतात. पावसाचा इशारा एका चॅनलवर, ऑफर दुसऱ्यावर; वापरणाऱ्याने नको ते बंद करावं, हवं ते ठेवावं. पण हे वेगळं करायचं कोणी? अ‍ॅप बनवणाऱ्याने. आमच्या कंपनीत मी मीटिंगमध्ये हे मांडलं, तेव्हा उत्तर मिळालं की ऑफर वेगळी काढली तर लोक पहिल्यांदा तीच बंद करतील. म्हणून सगळं एकाच चॅनलवर गेलं. मी गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते.

त्याचं काय होतं ते गेल्या एप्रिलमध्ये आमच्याच खळ्यात पाहिलं. काकांच्या फोनमधलं हवामानाचं अ‍ॅप दिवसभर राशिभविष्य आणि कर्जाच्या जाहिराती पाठवायचं. कंटाळून त्यांनी माझ्याकडून सगळं बंद करून घेतलं. होय, दोन मिनिटांत. चार दिवसांनी संध्याकाळी अवकाळी आला तेव्हा उतरवलेला आंबा उघड्यावर होता. इशारा तीन तास आधी आलेला होता, अ‍ॅप उघडल्यावर दिसला. रात्री पडवीत बसून काका बनियनच्या टोकाने एकेक फळ पुसत होते, देठाशी साचलेलं पाणी बोटाने टिपत होते. पुढच्या आठवड्यात आढीतली अर्धी फळं काळी पडली. सांगा, यात काकांच्या संयमाचा काय दोष?

तुलना तुम्हाला हास्यास्पद वाटली, वाटो. रत्नागिरीचा दीपस्तंभ कुणाला हाका मारत नाही. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप वेगळी असते, त्यावरून आपण कुठे आलो ते तांडेल ओळखतो, आणि बघतो ते त्याला गरज असेल तेव्हाच. मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन या संगणक-संशोधकांनी १९९५ मध्ये ‘शांत तंत्रज्ञान’ म्हणून मांडलं ते याच्याच जवळचं आहे. नजरेच्या कडेला राहावं, वेळ आली की समोर यावं.

जाहिरातींच्या मुद्द्यावर वाद घालत बसत नाही.

काकांनी ती नोटिफिकेशन परत चालू करून घेतली आहेत. काल दुपारी पेट्या भरताना फोन सहा वेळा वाजला. सहाही वेळा त्यांनी हातातलं फळ पेंढ्यावर ठेवलं, चष्मा शोधला, आभाळाकडे बघत फोन उघडला. एकदाही पाऊस नव्हता.